आत बसून गाडी ढकलता येते का?

करंजी घाटाच्या अलीकडे बस बंद पडली, तर कंडक्टर काय म्हणेल? "चला मंडळी, खाली उतरा, धक्का मारायचाय." जागेवर बसूनच पुढच्या सीटच्या दांड्याला जोर लावा, असं तो कधीच म्हणणार नाही. पन्नास माणसांनी आतून कितीही रेटलं तरी गाडी हलायची नाही. हात दांड्याला जितके पुढे लोटतात, तितकेच पाय फरशीला मागे लोटतात; जमा-खर्च सारखाच. कंडक्टरला जे अनुभवानं ठाऊक आहे, ते शाळेच्या पुस्तकात संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत म्हणून भेटतं. पुढे जायचं तर काहीतरी मागे ढकलावंच लागतं: रस्ता, पाणी, नाहीतर दिवाळीतल्या बाणासारखा जळता वायू.

अंतराळात ना रस्ता, ना पाणी. त्यामुळे मागे ढकलायचा माल घरूनच न्यावा लागतो. २०१३ साली निघालेल्या मंगळयानाचं वजन सुमारे १३३७ किलो होतं, आणि त्यातले ८५२ किलो निव्वळ इंधन. म्हणजे यानापेक्षा शिदोरीच जड. ही शिदोरी वाचली तर? या एका प्रश्नापायी गेली पंचवीस वर्षं मोठा वाद रंगला.

रॉजर शॉयर या ब्रिटिश अभियंत्यानं २००१ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि 'ईएमड्राइव्ह' नावाचं यंत्र पुढे आणलं. शेंडा छाटलेल्या शंकूच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी बंद असा तांब्याचा डबा. आत मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये असतात त्याच जातीच्या. प्रकाश आणि लहरी ज्या भिंतीवर आदळतात तिला किंचित रेटतात, हे खरंच आहे. शॉयर यांचं म्हणणं असं, की रुंद तोंडाकडचा रेटा अरुंद तोंडाकडच्या रेट्यापेक्षा जास्त भरतो आणि डबा आपोआप सरकतो. टीकाकारांनी लगेच दाखवून दिलं, की शंकूच्या तिरक्या भिंतींवरचा रेटा हिशेबात धरला की बेरीज पुन्हा शून्यावर येते. डब्यातून बाहेर काहीच पडत नाही. म्हणजे प्रवासी अजून बसमध्येच.

मग हा दावा तिथंच का संपला नाही? कारण काटा हलला. चीनमधल्या शिआन इथल्या नॉर्थवेस्टर्न पॉलिटेक्निकल विद्यापीठाच्या यांग जुआन यांच्या गटानं अडीच किलोवॉट विजेवर ७२० मिलिन्यूटन रेटा मिळाल्याचं सांगितलं. अमेरिकेत नासाच्या जॉन्सन केंद्रातल्या 'ईगलवर्क्स' या छोट्या प्रयोगशाळेत हॅरल्ड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी निर्वात पेटीत मोजणी केली. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांचा निबंध रीतसर तपासणी होऊन प्रसिद्ध झाला: दर किलोवॉटमागे १.२ मिलिन्यूटन. प्रयोगात वीज होती ४० ते ८० वॉट, त्यामुळे प्रत्यक्ष रेटा जेमतेम दहा मिलिग्रॅम वजनाइतका. अकोले तालुक्यातल्या भाताचा एक दाणा अर्धा मोडून तळहातावर ठेवा; साधारण तेवढा.

एवढ्याशा रेट्यानं भौतिकशास्त्रज्ञ अस्वस्थ का व्हावेत? कारण तो रेटा चिमुकला असला तरी फुकटचा होता. टॉर्च पेटवला की प्रकाश पुढे जातो आणि टॉर्चला मागे धक्का बसतो. तोही इंधनाविनाच. पण किलोवॉटभर प्रकाशातून फक्त ३.३ मायक्रोन्यूटन मिळतात, आणि प्रकाश संवेग घेऊन बाहेर जातो, म्हणून हिशेब जुळतो. ईगलवर्क्सचा आकडा त्याच्या साडेतीनशे पटींहून मोठा. आता त्याच वीजखर्चात तोच रेटा मिळत राहिला आणि वेग वाढत गेला, तर सेकंदाला सुमारे ८३० किलोमीटरच्या पुढे यंत्र घेतं त्यापेक्षा जास्त ऊर्जा देऊ लागेल. म्हणजे इंधनाविना धावणारं यान आणि विजेविना चालणारी मोटार हे एकच कोडं आहे.

स्पष्टीकरणं मात्र भराभर आली. व्हाइट म्हणाले, निर्वात पोकळी रिकामी नसते. तिथल्या क्षणभंगुर कणांना यंत्र ढकलत असावं. प्लिमथ विद्यापीठाचे माइक मॅक्युलॉक म्हणाले, जडत्वाची आपली समजूतच बदलायला हवी. पण आधीचा प्रश्न वेगळाच होता: काटा रेट्यानं हलला की आणखी कशानं?

तशी शंका यायला जागा होती. ईगलवर्क्सच्याच २०१४ च्या चाचण्यांत, अशाच जातीच्या दुसऱ्या एका यंत्राचा एक नमुना 'चालू नये' असा मुद्दाम बनवलेला होता. तोही चालला! यांग यांच्या गटानं २०१६ मध्ये वीज बाहेरच्या तारांनी न आणता बॅटरी यंत्रावरच बसवली आणि मोठा रेटा नाहीसा झाला. मग जर्मनीतल्या ड्रेस्डेन तांत्रिक विद्यापीठात मार्टिन टाज्मार यांनी कसून शोध घेतला. २०१८ मध्ये त्यांनी डब्यात पोचणारी शक्ती जवळजवळ मारून टाकली, तरी काट्यानं रेटा दाखवलाच. संशय तारांतल्या प्रवाहावर गेला. पृथ्वीचं चुंबकत्व होकायंत्राची सुई फिरवतं, तसंच वीज वाहणाऱ्या तारेलाही ढकलतं. २०२१ मध्ये नासाचीच मांडणी पुन्हा उभारून त्यांनी दुसरा चोरही पकडला: उष्णता. वीज सुरू होताच यंत्र तापतं, फुगतं, त्याचा गुरुत्वमध्य किंचित सरकतो आणि नाजूक काटा कलतो. टांगणीची पद्धत बदलताच रेटा गेला. यंत्र सरकलं नव्हतं, तापलं होतं.

या गोष्टीत एक मराठी नाव आहे, आणि ते अनपेक्षित ठिकाणी येतं. बसनं करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झेपावतात. हे जडत्व येतं कुठून? भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांचं मत होतं, की ते दूरच्या ताऱ्यांमुळे येतं. १९६४ मध्ये केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल आणि पंचविशीतले जयंत नारळीकर यांनी या कल्पनेला गणिताचं रूप दिलं: कणाचं वस्तुमान त्याचं एकट्याचं नसतं, विश्वातल्या इतर सगळ्या वस्तूंशी असलेल्या नात्यातून ते ठरतं. कोल्हापुरात जन्मलेल्या या तरुणाला दुसऱ्याच वर्षी पद्मभूषण मिळालं.

नारळीकरांना त्यातून इंजिन काढायचं नव्हतं. पण कॅलिफोर्नियातले जेम्स वुडवर्ड माखचंच सूत्र धरून म्हणत होते, की स्फटिकाची चळत वेगानं थरथरवली तर तिचं वस्तुमान क्षणभर कमी-जास्त होईल. जड असताना ढकला, हलकी असताना ओढा, म्हणजे एका बाजूला रेटा शिल्लक राहील. त्यांच्या सहकारी हायडी फर्न यांनी त्याला हॉइल-नारळीकर सिद्धांताचा आधार दिला आणि नासानं २०१७-१८ मध्ये या कामाला अनुदानही दिलं. युक्तिवाद शॉयर यांच्यापेक्षा हुशार आहे: आम्ही बसमधून ढकलत नाही, आमचा पाय जमिनीवर टेकलेला आहे, फक्त ती जमीन म्हणजे अख्खं विश्व. टाज्मार यांच्या काट्यावर हेही यंत्र चढलं. निष्कर्ष निघाला, की रेटा वाटला ती काट्यापर्यंत पोचलेली थरथर होती. सिद्धांत सुंदर असला म्हणून त्याच्या नावावरचं यंत्र चालतंच असं नाही.

हे नारळीकरांहून चांगलं कुणाला ठाऊक असणार? महास्फोटाच्या सिद्धांताला ते अखेरपर्यंत पर्याय मांडत राहिले. बहुमताविरुद्ध जाणं त्यांना परकं नव्हतं. पण दावा तपासायचा कसा, याचा त्यांनी घालून दिलेला धडा फलज्योतिषाच्या चाचणीत दिसतो. नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी शंभर हुशार आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या कुंडल्या जमवल्या. सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. एकूण अचूक उत्तरं निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नास टक्के मिळाले असते. टर नाही, शिवीगाळ नाही. दोन्ही बाजूंना आधीच मान्य असलेली मोजपट्टी, एवढंच.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असलेल्या जवाहरलाल नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं आणि त्यात याच वृत्तीचा, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा, आग्रह धरला. पुढे १९७६ मध्ये संविधानानं तो नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत घातला. ईएमड्राइव्हच्या वादात तो कुठे दिसला? अशक्य म्हणून हसण्यात नाही आणि नासाचं नाव ऐकून टाळ्या वाजवण्यातही नाही. भाताच्या अर्ध्या दाण्याइतक्या रेट्यामागचं खरं कारण सापडेपर्यंत तारा, तांबं आणि टांगण्या उलटसुलट करून पाहणाऱ्यांत तो दिसला.

असे दावे अजून थांबलेले नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका अमेरिकी कंपनीचं असंच यंत्र 'बॅरी-१' या उपग्रहावर बसून कक्षेत गेलं. पण ते सुरू करून पाहण्याआधीच वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि उपग्रहाशी संपर्क तुटला. उद्या पुन्हा बातमी येईल: इंधनाविना चालणारं इंजिन, पाण्यावर पळणारी मोटारसायकल, विजेविना फिरणारा पंप. वाचा, कुतूहलानं वाचा. फक्त एक विचारा: चालू नये असा नमुना त्यांनी चालवून पाहिला का, आणि तो बंद राहिला का?