मोटारीतील सदोष इंधनमापी : दोषशोधनाची तर्कपद्धती

मोटारीच्या दर्शनी फळीवर जी उपकरणे बसविलेली असतात त्यांत इंधनमापीचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. त्याच्या रचनेत गूढ असे काही नाही. पदार्थविज्ञानाच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यासही ती तासाभरात समजू शकेल. तरीपण हा मापी बिघडला म्हणजे त्याची दुरुस्ती बहुधा तर्काने होत नाही, अंदाजाने होते. प्रथम टाकीतील भाग बदलला जातो, नंतर दर्शनी मापी बदलला जातो, आणि शेवटी दोष एखाद्या गंजलेल्या स्क्रूखाली आढळतो. हा अनुभव केवळ मोटारमालकाचा नाही. प्रयोगशाळेत मापनयंत्रे हाताळणाऱ्या प्रत्येकाचा आहे. म्हणून प्रस्तुत लेखात या साध्या उपकरणाच्या निमित्ताने दोषशोधनाचा क्रम कसा असावा, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे उपकरणाची चूक कोणत्या दिशेने होते हे का पाहावे, याचा विचार करावयाचा आहे.

मापीचे घटक

इंधनमापन-व्यवस्थेचे मुख्य भाग दोन. पहिला टाकीत असतो. इंधनावर तरंगणारा एक फ्लोट, त्याला जोडलेली दांडी आणि त्या दांडीच्या टोकाशी असलेला, रोधतारेच्या वेटोळ्यावरून सरकणारा स्पर्शक, अशी त्याची रचना असते. इंधनाची पातळी बदलली की स्पर्शक सरकतो आणि मंडलातील विद्युत्-रोध बदलतो. दुसरा भाग म्हणजे चालकासमोरील काट्याचा मापी. या दोहोंना जोडणारी एक तार असते. टाकीतील भागापासून परतीचा मार्ग मात्र जुन्या गाड्यांत स्वतंत्र तारेने न होता टाकीच्या व गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून होत असे. मेकॅनिक ज्याला ‘अर्थ’ म्हणतात तो हाच मार्ग. प्लॅस्टिकच्या टाक्या आल्यावर त्यासाठी निराळी तार द्यावी लागली.

दर्शनी मापीचे जुन्या गाड्यांत दोन प्रमुख प्रकार आढळतात, आणि त्यांतील भेद ध्यानी न घेता केलेली कोणतीही चाचणी व्यर्थ होय.

पहिला प्रकार उष्णताजन्य मापीचा. त्यात एका द्विधातू पट्टीभोवती तापक तार गुंडाळलेली असते. टाकीतील रोध कमी झाला की प्रवाह वाढतो, पट्टी तापून वाकते आणि काटा ‘पूर्ण’ या खुणेकडे जातो. अमेरिकेतील फोर्डच्या जुन्या गाड्यांत टाकी रिकामी असता हा रोध सुमारे ७३ ओहम व भरलेली असता सुमारे १० ओहम असे.

दुसरा प्रकार तोलित वेटोळ्यांचा. त्यात परस्परांशी कोन करून बसविलेली दोन वेटोळी असतात आणि लोखंडाचा लहानसा तुकडा त्यांच्या संयुक्त चुंबकक्षेत्राच्या दिशेने वळतो. टाकीतील रोध दुसऱ्या वेटोळ्याशी समांतर जोडलेला असतो. तो शून्य झाला की त्या वेटोळ्यातून प्रवाह जात नाही व काटा ‘रिकामे’ दाखवितो. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत रिकाम्या टाकीस सुमारे शून्य व भरलेल्या टाकीस सुमारे ९० ओहम, अशी योजना होती. म्हणजे रोध व इंधन यांचा संबंध येथे पहिल्या प्रकाराच्या नेमका उलट आहे.

विद्युत्-दाबाचा प्रश्न

दुसऱ्या प्रकारात काट्याची दिशा दोन प्रवाहांच्या गुणोत्तरावर अवलंबून असल्यामुळे बॅटरीचा दाब थोडा कमीअधिक झाला तरी वाचन फारसे बदलत नाही. पहिल्या प्रकारास ही सोय नाही. तेथे विचलन उष्णतेच्या, म्हणजेच प्रवाहाच्या वर्गाच्या, प्रमाणात असते. म्हणून त्याला दाब स्थिर ठेवणारे एक लहान उपकरण, म्हणजे स्टॅबिलायझर, जोडावे लागते. ब्रिटिश बनावटीच्या अनेक गाड्यांत तो १० व्होल्टशी तुल्य असा दाब देत असे. त्यातही एक द्विधातू पट्टीच असते. ती तापली की संपर्क तुटतो, निवाली की पुन्हा जुळतो, आणि अशा रीतीने दाब तुकड्यातुकड्यांनी पुढे जातो.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट स्वतः गणित करून पाहण्यासारखी आहे. बॅटरीचा दाब १४ व्होल्ट असता उष्णतेच्या दृष्टीने १० व्होल्टशी तुल्य परिणाम हवा असेल तर संपर्क एकूण काळाच्या (१०/१४)², म्हणजे सुमारे ५१ टक्के काळ जुळलेला असावयास हवा. परंतु त्या वेळी दाबाची सरासरी १४ च्या ५१ टक्के, म्हणजे सुमारे ७.१ व्होल्टच भरते. साधा व्होल्टमापी वर्ग-माध्य-मूळ न दाखविता सरासरी दाखवितो. त्याचा हेलकावणारा काटा सातच्या आसपास पाहून निर्दोष स्टॅबिलायझर टाकून देण्याची चूक सहज घडते.

याच स्टॅबिलायझरची अर्थजोडणी तुटली तर त्याची पट्टी तापतच नाही, संपर्क कायमचा जुळलेला राहतो, आणि मापीवर बॅटरीचा संपूर्ण दाब येतो. १० ऐवजी १४ व्होल्ट मिळाल्यास उष्णता सुमारे १.९६ पट, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. बहुधा याच स्टॅबिलायझरवर एंजिनाचा तापमापीही चालत असल्यामुळे दोन्ही काटे एकाच वेळी वर चढलेले दिसतात. दोन स्वतंत्र उपकरणे एकाच वेळी व एकाच दिशेने चुकू लागली तर त्यांच्या सामाईक घटकाकडे प्रथम पाहावे, हा नियम येथे अगदी स्पष्ट होतो.

चुकीची दिशा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे सांध्यावर गंज चढून मंडलात नको असलेला रोध शिरणे. समजा, हा रोध १० ओहमचा आहे. त्याचा परिणाम दोन्ही प्रकारांत कसा होतो?

पहिल्या प्रकारात उदाहरणादाखल मापीचा स्वतःचा रोध १२ ओहम धरू. भरलेल्या टाकीस एकूण रोध २२ ओहम होता, तो ३२ ओहम झाला. उष्णता रोधाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ती पूर्वीच्या सुमारे ४७ टक्क्यांवर येते, आणि काटा अर्ध्याच्याही थोडा खाली थांबतो. टाकी रिकामी असता मात्र एकूण रोध ८५ चा ९५ ओहम होतो व काट्यात पडणारा फरक नजरेत भरत नाही. म्हणजे भरलेली टाकी अर्धी दिसते, रिकामी टाकी रिकामीच दिसते. चालकाची गैरसोय होते, पण तो फसत नाही.

दुसऱ्या प्रकारात याच १० ओहमांमुळे भरलेल्या टाकीचे ९० चे १०० ओहम होतात. हा फरक किरकोळ आहे. परंतु रिकाम्या टाकीचे शून्याचे १० ओहम होतात आणि काटा ‘रिकामे’ या खुणेपर्यंत उतरतच नाही. टाकीत थेंबही नसता थोडे इंधन शिल्लक असल्याचा भास होतो. तार पूर्ण तुटली तर पहिला मापी ‘रिकामे’ दाखवील, दुसरा ‘पूर्ण’ दाखवील. एकच गंज, एकच तुटलेली तार. पण एका गाडीचा चालक विनाकारण पेट्रोलपंपाशी थांबेल, तर दुसऱ्याची गाडी रात्रीच्या वेळी घाटाच्या चढावर बंद पडेल. उपकरण किती चुकते याइतकेच ते कोणीकडे चुकते हेही महत्त्वाचे असते, असे जे आपण मापनशास्त्रात शिकवितो त्याचे याहून सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल.

शोधाचा क्रम

सर्वप्रथम टाकीत खरोखर किती इंधन आहे हे मापीवर विसंबून न राहता ठरवावे. शक्य तर टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर मोजून भरावे व प्रत्येक वेळी काट्याची नोंद घ्यावी. गाडी समपातळीवर उभी असावी. पातळी व आकारमान यांचा संबंध सरळ रेषेतील नसतो, हेही विसरू नये. आडव्या वृत्तचितीच्या आकाराच्या टाकीत पातळी व्यासाच्या एकचतुर्थांश असता इंधन २५ टक्के नसून सुमारे १९.६ टक्के असते. ‘मापी शेवटी शेवटी भराभर उतरतो’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा दोषात नसून भूमितीत असते.

दुसरी पायरी मंडल मध्यावर तोडण्याची. टाकीजवळ तार सोडवावी, चावी फिरवावी आणि काटा पाहावा; नंतर तीच तार दहा-बारा ओहमांच्या रोधातून सांगाड्यास जोडून पुन्हा पाहावा. उष्णताजन्य मापी मंद असतो, म्हणून अर्धा-एक मिनिट थांबल्याशिवाय निर्णय घेऊ नये. त्याची तार रोधाशिवाय थेट सांगाड्यास दीर्घकाळ जोडून ठेवल्यास तापक तार जळण्याचा संभव असतो. काटा दोन्ही टोकांकडे नीट गेला तर मापी, स्टॅबिलायझर व तार हे तिन्ही घटक एकाच चाचणीत निर्दोष ठरले. दोष टाकीतील भागात किंवा त्याच्या अर्थजोडणीत आहे. काटा गेला नाही तर हीच चाचणी मापीच्या पाठीमागील अग्रावर करावी. तेथे उत्तर बरोबर आले तर दोष मधल्या तारेत. न आले तर मापीत किंवा त्याच्या पुरवठ्यात. प्रत्येक चाचणीने संशयितांची संख्या निम्मी व्हावी, हे या क्रमाचे तत्त्व होय.

तिसरी पायरी अर्थजोडणीची. टाकीतील भागाच्या धातूच्या झाकणापासून सांगाड्याच्या स्वच्छ जागेपर्यंत एक तात्पुरती तार जोडावी. वाचन सुधारले तर टाकी उघडण्याचे कारणच उरत नाही. हे पाऊल गाळणारे टाकीतील भाग बदलतात आणि दोष नाहीसा झालेला पाहून तो त्या भागातच होता असे मानतात. वास्तविक भाग बदलताना गंजलेला सांधा घासला गेलेला असतो, आणि दुरुस्ती त्यानेच झालेली असते. एका वेळी दोन गोष्टी बदलून मिळालेल्या यशावरून कारण सिद्ध होत नाही.

एवढे करूनही दोष राहिला तरच टाकीतील भाग बाहेर काढावा. हे काम उघड्या हवेत, बॅटरी सोडवून, ठिणगी उडणार नाही अशी काळजी घेऊन करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते, आणि रिकामी म्हणून निर्धास्तपणे हाताळलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असू शकते. बाहेर काढलेली दांडी सावकाश फिरवीत ओहममापी पाहावा. रोध एकाच जागी एकदम उसळला तर तेथे तार झिजलेली आहे. पितळी फ्लोट हलवून पाहिला असता आत द्रव वाजला तर त्याला छिद्र पडलेले आहे. असा फ्लोट बुडतो व मापी सदैव ‘रिकामे’ दाखवितो. रोध सर्वत्र सुरळीत असून वाचन सर्व पातळ्यांवर एकाच बाजूस ढळत असेल तर दांडी वाकलेली असण्याचा संभव अधिक.

आधुनिक गाड्यांत वाचन संगणकातून येते, हेलकाव्यांची सरासरी काढून मगच काटा हलविला जातो, आणि काही टाक्यांना दोन फ्लोट असतात. तेथे तपासणीची साधने बदलली आहेत. पण फ्लोट, सरकता स्पर्शक व अर्थ यांचे दोष तेच आहेत आणि तर्कही तोच आहे.

एक बोधक घटना

मापी बंद पडल्यावर काय करावे या प्रश्नाचे गांभीर्य २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात दिसून आले. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ जातीच्या विमानाची इंधनमापन-यंत्रणा बिघडून मापी कोरे पडले होते. म्हणून माँट्रियल येथे टाकीतील इंधन पट्टीने मोजण्यात आले. ते ७,६८२ लिटर भरले. लिटरांचे किलोग्रॅम करण्यासाठी सुमारे ०.८ ने गुणावयाचे असता १.७७ ने गुणण्यात आले. हा अंक लिटरांचे पौंड करण्याचा होता. परिणामी २२,३०० किलोग्रॅम इंधन आहे अशा समजुतीने निघालेल्या विमानात तितके पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी इंधन होते. उड्डाण चालू असतानाच दोन्ही एंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते अजस्र विमान तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या विमानतळावर उतरविले, आणि विमानातील सर्व ६९ जण वाचले. मापी बिघडला तेव्हा पर्यायी मोजणी केली गेली, हे योग्यच झाले; पण त्या मोजणीची पडताळणी दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने झाली नाही.

मोटारचालकास असा स्वतंत्र मार्ग सदैव उपलब्ध असतो. टाकी भरल्यापासून किती किलोमीटर चाल झाली आणि गाडी लिटरमागे किती चालते, या दोन आकड्यांवरून उरलेल्या इंधनाचा अंदाज काट्याशिवाय करता येतो. काटा व हा अंदाज यांत तफावत पडू लागली की दोषाची पहिली सूचना मिळाली असे समजावे. उपकरणावर आंधळा विश्वासही ठेवू नये आणि ते एकदा चुकले म्हणून त्याला निकामीही ठरवू नये. त्याला दुसऱ्या साक्षीदारासमोर उभे करून प्रश्न विचारावेत. आणि ते प्रश्न असे असावेत की, उत्तर काहीही आले तरी शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी व्हावे.