पटावरील हस्तदोष आणि माउसची योजना

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात मोटारींचे पत्र्याचे भाग घडविणारी अनेक प्रेस शॉप आहेत. तेथील पुष्कळशा पॉवर प्रेसवर ठोका पाडण्यासाठी ऑपरेटरला दोन हातांनी दोन पुशबटने एकाच वेळी दाबावी लागतात. काम मुद्दामच थोडे अवघड करून ठेवलेले असते. दोन्ही हात बटनांवर असले म्हणजे एकही हात डायखाली राहत नाही, आणि चुकून लागलेल्या धक्क्याने ठोकाही पडत नाही. जी क्रिया मागे घेता येत नाही तिच्यापूर्वी कर्त्याचा हेतू निःसंशय प्रकट व्हावा, हे तत्त्व त्यात गृहीत आहे. संगणकावर पाळीपाळीने खेळावयाच्या डावपेचांच्या खेळांस ते कितपत लागू पडते, याचा विचार मुख्यतः बुद्धिबळाच्या आधारे येथे करावयाचा आहे. बोटाचे मोल डावाच्या मोलाशी तुलनीय नाही, हे उघडच आहे. तुलना आहे ती केवळ योजनेची.

लाकडी पटावरील नियम सर्वांस परिचित आहे. हात लावलेले मोहरे हलविलेच पाहिजे, आणि घरावर ठेवून सोडलेले मोहरे पुन्हा उचलता येत नाही. मोहरे नुसते नीट बसवावयाचे असेल तर तसे आधी बोलून दाखवावे लागते. म्हणजे स्पर्श, हालचाल आणि सोडणे या पायऱ्या वेगळ्या असून हेतूला तेथे वाचा आहे.

माउसने चाल करण्याचे दोन प्रकार आहेत. एकात मोहऱ्यावर क्लिक, मग इष्ट घरावर क्लिक. दुसऱ्यात बटन दाबून धरून मोहरे ओढत न्यावयाचे व घरावर सोडावयाचे. दुसरा प्रकार प्रत्यक्ष पटासारखा भासतो. तथापि तोच अधिक धोक्याचा होय. बटन दाबून धरणे आणि हात सरकविणे ही दोन्ही कामे एकाच हाताच्या स्नायूंना एकाच वेळी करावी लागतात. बोट क्षणभर सैल पडले की चाल झाली. मॅकेंझी, सेलेन व बक्स्टन यांनी १९९१ साली केलेल्या प्रयोगांत ओढण्याची क्रिया नुसत्या निर्देशापेक्षा मंद व अधिक चुकांची ठरली. त्यातही सर्व मोहरी सारखी नाहीत. नियमबाह्य घरावर सोडलेले मोहरे संगणक परत पाठवितो. म्हणून घोड्याला अभय आहे, कारण त्याची कोणतीही दोन घरे कडेला कड लावून नसतात. हत्ती व वजीर यांची घरे मात्र ओळीने लागून असतात. एक घर अलीकडे सुटलेला हत्ती संगणकाच्या दृष्टीने बिनचूकच!

पट मोठा केल्याने काम भागेल काय? पॉल फिट्स याने १९५४ साली मांडलेल्या नियमानुसार लक्ष्य गाठण्याची कठिणता अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. त्याच्या आज रूढ असलेल्या सूत्राने हत्तीस एक घर नेण्याची कठिणता १ बिट, तर सात घरे नेण्याची ३ बिट येते. पट दुप्पट केला तर अंतर व रुंदी दोन्ही दुप्पट होतात, गुणोत्तर तेच राहते. फार लहान पटावर हाताचा कंप बाधतो, एवढ्यापुरताच मोठ्या पटाचा लाभ.

दोष कोणाचा, हा प्रश्न मग टाळता येत नाही. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात भारत व रशिया समोरासमोर होते. भारताचे कर्णधार नाशिकचे विदित गुजराथी होते. इंटरनेटच्या व्यापक बिघाडामुळे नागपूरच्या दिव्या देशमुख व निहाल सरीन यांचा संपर्क तुटला आणि वेळ संपून त्यांचे डाव गेले. भारताने दाद मागितली. फिडेने दोन्ही संघांस सुवर्णपदक दिले. तारेच्या दोषाला अशी दाद मिळाली. हस्तदोषाला मिळत नाही. पडद्यावर नोंदली गेलेली चाल खेळाडूने मान्य करावयाची असते. उलट १९४८ च्या कारखाना अधिनियमाने, २१ व्या कलमान्वये, यंत्राच्या धोकादायक भागांस कुंपण घालण्याचा भार कामगाराच्या सावधपणावर न ठेवता कारखानदारावर टाकला होता. पडद्याची योजना करणाऱ्यावर असा भार कोणीच टाकलेला नाही, आणि हे मला न्याय्य वाटत नाही.

उपाय नाहीत असे नाही. लिचेससारख्या संकेतस्थळावर ओढण्याची रीत बंद ठेवता येते, चाल पाठविण्यापूर्वी पुष्टीही मागता येते. परंतु तीन मिनिटांच्या डावात प्रत्येक पुष्टी घड्याळातून वजा होते. दिवसाला एक चाल असलेल्या डावात ती फुकट पडते.

चाल परत घेऊ देण्याचा मार्ग अधिक विचारणीय आहे. ‘इन्टू द ब्रीच’ या २०१८ च्या खेळात सरकविलेले यंत्र हल्ला करीपर्यंत मागे घेता येते, कारण शत्रूचे बेत आधीच दाखविलेले असतात व सरकण्याने नवे काही कळत नाही. १९९१ च्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये तुकडी अज्ञात प्रदेशात शिरताच तेथील भूमी उघडी होते; तेथे माघार म्हणजे फुकटची हेरगिरी. बुद्धिबळात चाल प्रतिपक्षाच्या पडद्यावर उमटेपर्यंत कोणालाच काही कळलेले नसते. बोट सुटणे व चाल पोहोचणे यांच्या मधल्या क्षणी केलेल्या दुरुस्तीने हानी होते ती केवळ स्वतःच्या घड्याळातील वेळेची.