शंख जागेवरच राहिला, चष्मा गेला

रात्री उशिरा तीन जण झोपडीवर चालून येतात. आत राल्फ, पिगी आणि सॅम-एरिक हे जुळे भाऊ झोपलेले. काळोखात कोण कोणाला मारतो आहे हेही कळत नाही. ठोसे, लाथा, किंकाळ्या, आणि शेवटी झोपडीच कोसळते. हल्लेखोर पळून गेल्यावर दम्याने धापा टाकणाऱ्या पिगीच्या मनात आधी येतो तो शंख. तो पळवायलाच ते आले असणार, असे त्याला वाटलेले असते. राल्फ धावत जाऊन पाहतो, तर शंख जागच्या जागी आहे. गेला आहे तो पिगीचा चष्मा, तोही एकच काच शाबूत उरलेला.

विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीत याहून भयानक प्रसंग कितीतरी आहेत. याच्या आधी एक खून झालेला आहे आणि पुढे दुसरा व्हायचा आहे. तरीही मुलांनी उभी केलेली व्यवस्था नेमकी कुठे संपली हे दाखवायचे, तर बोट याच पानावर ठेवावे लागते. ज्या शंखाच्या आवाजावर सभा भरत होती, जो हातात असल्याशिवाय कोणी बोलायचे नाही असा नियम होता, तो आता चोरावासाही कोणाला वाटत नाही.

ही कादंबरी 17 सप्टेंबर 1954 रोजी लंडनच्या फेबर अँड फेबर या संस्थेने प्रसिद्ध केली. गोल्डिंग तेव्हा सॅलिसबरीच्या बिशप वर्ड्‌सवर्थ स्कूलमध्ये शिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलात होते. ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेच्या पाठलागात ते होते आणि 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अग्निबाण डागणाऱ्या नौकेवर त्यांची नेमणूक होती. समाजाची घडी नीट बसवली की माणूसही नीट होईल, हा तरुणपणीचा विश्वास युद्धाने त्यांच्याजवळ ठेवला नाही. युद्धानंतर ते वर्गात परतले, ते रोज डझनावारी मुलगे पाहण्यासाठी. घरी ते आपल्या मुलांना बेटांवरच्या साहसकथा वाचून दाखवत. एकदा त्यांनी पत्नीला विचारले, की अशा बेटावर मुले खरोखर जशी वागतील तशी दाखवणारी गोष्ट लिहिली तर? तिने कल्पना उचलून धरली.

आर. एम. बॅलंटाइन यांची ‘द कोरल आयलंड’ ही 1857 ची किशोर कादंबरी त्यांच्या डोळ्यांपुढे होती. तिथे राल्फ, जॅक आणि पीटरकिन हे तीन इंग्रज मुलगे बेटावर मजेत राहतात. संकट येते ते बाहेरून, चाच्यांच्या आणि नरभक्षकांच्या रूपाने. गोल्डिंग यांनी राल्फ आणि जॅक ही नावे उचलली आणि संकट मुलांच्या आत नेऊन ठेवले.

हस्तलिखित अनेक प्रकाशकांकडून परत आले. फेबरच्या वाचकानेही ते टाकाऊ ठरवले होते. चार्ल्स माँटिथ या तिथे नव्यानेच रुजू झालेल्या संपादकाने नाकारलेल्या गठ्ठ्यातून ते पुन्हा बाहेर काढले. सुरुवातीचे अणुयुद्धाचे वर्णन त्यांनी काढायला लावले आणि सायमन या मुलाभोवतीचे दैवी वलय कमी करायला सांगितले. या कात्रीचे ऋण मोठे आहे. आज कादंबरी थेट बेटावर सुरू होते. युद्ध चालू आहे आणि मुलांना नेणारे विमान पाडले गेले आहे, एवढे ओझरते कळते. सहा ते बारा वयाचे मुलगे, आणि सोबत एकही मोठे माणूस नाही.

मराठी वाचकाच्या मनात शंख देवघरातून येतो. तो फुंकण्याआधीच पवित्र असतो. गोल्डिंग यांच्या शंखामागे असे काहीच नाही. राल्फला तो उथळ पाण्यात दिसतो, आणि तो कसा फुंकायचा हे माहीत असते पिगीला. म्हणजे अक्कल पिगीची आणि श्वास राल्फचा. आवाज ऐकून मुले गोळा होतात आणि नायक निवडण्यासाठी मतदान घेतात. पिगीइतकी बुद्धी तिथे कोणाला नाही आणि जॅकइतकी हुकमत कोणाला नाही. तरी मते पडतात राल्फला, कारण तो दिसायला रुबाबदार आहे आणि शंख त्याच्या मांडीवर आहे. शंखाचे सामर्थ्य सर्वांनी मिळून मानले म्हणून आहे. ते मानणे कसे झिजत जाते, याचा हिशेब लेखक विलक्षण काटेकोरपणे ठेवतो.

पहिला ओरखडा फार लवकर उठतो. जाळ पेटवायला सगळे डोंगरावर धावतात, तेव्हा हातात शंख असलेल्या पिगीला जॅक गप्प करतो, कारण त्याच्या मते डोंगरमाथ्यावर शंख चालत नाही. हे दुसऱ्याच प्रकरणात घडते. पुढे कित्येक पानांनंतर, शिकारीचे मांस वाटताना, तोच जॅक सांगतो की बेटाच्या या टोकालाही शंख चालत नाही. कायद्याची हद्द अशी एकेक जागा सोडत आकसते.

या दोन प्रसंगांच्या मधली एक सभा या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. जॅक नियम धुडकावून अंधारात निघून जातो आणि मुले त्याच्यामागे धावतात. शंख फुंकून त्यांना परत बोलाव, असे पिगी विनवतो. राल्फ फुंकत नाही. फुंकला आणि कोणी आले नाही तर सगळेच संपले, ही त्याची भीती आहे. स्वतःला तपासून पाहायला घाबरणारी सत्ता कशी दिसते, हे एखाद्या जाडजूड ग्रंथालाही इतक्या थोडक्यात सांगता आलेले नाही. उघड्या हवेत राहून शंखाचा गुलाबी रंगही तोवर उडून गेलेला असतो.

गोल्डिंग यांच्या प्रतीकांची ताकद हीच, की ती आधी वस्तू म्हणून राबतात. चष्म्याशिवाय पिगीला दिसत नाही आणि मुलांना जाळ मिळत नाही. डोंगरावरचा धूर पाहून एखादे जहाज येईल, ही सुटकेची एकमेव आशा त्या काचांवर टांगलेली आहे. इथे लेखकाची एक चूक आहे. पिगीला लांबचे दिसत नाही, आणि अशा चष्म्याच्या अंतर्गोल काचा सूर्यकिरण एकवटत नाहीत, पसरवतात. त्यातून ठिणगी पडणार नाही. विज्ञान शिकणाऱ्या वाचकांनी ही चूक वारंवार दाखवली आहे. कादंबरीला मात्र तिने धक्का लागत नाही, कारण चष्म्याचा एकेक तुकडा जातो तो नेमक्या क्षणी जातो. पहिली काच फुटते ती जॅकच्या थपडेने. शिकारीच्या नादात जाळ विझलेला असतो, त्याच वेळी क्षितिजावरून एक जहाज निघून गेलेले असते, आणि पिगी त्याचा जाब विचारतो.

रॉजरची गोष्ट तर शब्दागणिक वाचण्यासारखी आहे. हा मुलगा किनाऱ्यावर खेळणाऱ्या लहानग्या हेन्रीच्या दिशेने दगड भिरकावतो, पण मुद्दाम चुकवून. हेन्रीभोवती सहाएक यार्ड व्यासाचे एक वर्तुळ आहे आणि त्याच्या आत दगड टाकायचे धाडस त्याला होत नाही. आईवडील, शाळा, पोलीस, कायदा यांनी त्याचा हात बांधलेला आहे, आणि ते सारे जग तर तिकडे युद्धात जळते आहे. काही दिवसांनी हाच हात एका प्रचंड शिळेखालच्या तरफेवर पडतो. पिगी मरतो आणि त्याच आघातात शंखाचा चुरा होतो. या वेळी रॉजरला अडवणारे वर्तुळ उरलेले नसते.

या कादंबरीबद्दल बोलताना ‘शिस्त संपली आणि अराजक माजले’ असे सर्रास म्हटले जाते. मजकूर नीट वाचला तर ते टिकत नाही. मुलांमध्ये सर्वांत शिस्तीचा गट कोणता? चर्चच्या गायकवृंदातली मुले. भर उन्हात काळे झगे घालून ती दोन रांगांत चालत येतात, आणि जॅकने बसायची परवानगी देईपर्यंत उभी राहतात, इतकी की सायमन भोवळ येऊन पडतो. निवडणुकीत ती मुकाट जॅकसाठी हात वर करतात. हरलेल्या जॅकचे मन राखायला राल्फ हा गट त्याच्याच हाती सोपवतो आणि जॅक त्यांना शिकारी करतो. बेटावरची पहिली सेना अशी निवडून आलेल्या नायकानेच उभी करून दिली. जॅकच्या टोळीचा पुढचा मुक्कामही बेशिस्त नाही. खडकाच्या किल्ल्यावर पहारे आहेत, येणाऱ्याला हटकले जाते, हुकूम पाळले जातात. विल्फ्रेड नावाच्या मुलाला तासन्‌तास बांधून ठेवतात, नंतर त्याला मार द्यायचा असतो, आणि कशासाठी ते कोणालाच ठाऊक नसते. राल्फच्या राज्यात नियम होते, शिक्षा नव्हती. झोपड्या बांधायचे काम सोडून मुले पोहायला गेली तरी त्यांना कोणी काही करत नव्हते. जॅकच्या राज्यात शिक्षा आहे, नियम नाही. आज्ञापालन दोन्हीकडे आहे, फक्त त्याचा धनी बदलला आहे.

आणि हा बदल मतदानाने होत नाही. राल्फला काढून टाका असे जॅक भर सभेत म्हणतो, तेव्हा एकही हात वर होत नाही. रडत रडत तो एकटाच निघून जातो. त्यानंतर बहुतेक मुले एकेक करून, कोणाला न सांगता, त्याच्याकडे सरकतात. तिकडे मांस आहे, आणि ज्याची भीती मुलांच्या मनात बसली आहे त्या श्वापदापासून रक्षणाचे आश्वासन आहे.

हे श्वापद कुठेच नाही. मोठ्या माणसांनी एखादी खूण पाठवावी अशी प्रार्थना राल्फ करतो, आणि त्याच रात्री आकाशातल्या चकमकीतून एक मेलेला वैमानिक हवाईछत्रीसकट डोंगरावर उतरतो. मोठ्यांच्या जगाकडून आलेली खूण ती हीच. वाऱ्याने हलणारे ते प्रेत म्हणजे श्वापद, असा मुलांचा ग्रह होतो. श्वापद आपल्यातच असेल, असे सभेत अडखळत म्हणणारा सायमन हसण्यावारी नेला गेला होता. तोच एकटा वर जाऊन प्रेत पाहतो आणि ती बातमी घेऊन वादळात खाली येतो. नाचात बेभान झालेला घोळका त्यालाच श्वापद समजून ठार करतो. त्या घोळक्यात राल्फ आणि पिगीही असतात. दुसऱ्या दिवशी पिगी सांगतो, आपण कडेला होतो, आपण काही पाहिले नाही. सगळ्या कादंबरीत हे वाक्य सर्वांत जास्त छळते, कारण ते सर्वांत समंजस मुलाच्या तोंडी आहे.

खरी मुले अशी वागतात का, हा प्रश्न वाचक पहिल्यापासून विचारत आले आहेत. योगायोग असा, की कादंबरीच्याच वर्षी, 1954 च्या उन्हाळ्यात, मुझफर शरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात रॉबर्स केव्ह येथे अकराएक वर्षांच्या 22 मुलांचे शिबिर भरवले. दोन गट पाडले, बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या, आणि थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणे, केबिनवर छापे घालणे सुरू झाले. पाणीपुरवठा बंद पडल्याचे दाखवून सर्वांना मिळून कामाला लावले, तेव्हा वैर ओसरले. पण आदल्या वर्षीचा त्यांचा प्रयोग फसला होता, त्याकडे फारसे लक्ष जात नाही. त्या वेळी मुलांची आधीच मैत्री झालेली होती. ती एकमेकांविरुद्ध पेटेनात, उलट मोठ्यांवरच संशय घेऊ लागली. द्वेष पेरायला मोठ्यांना मेहनत घ्यावी लागली, एवढे तरी त्यातून दिसते.

दुसरे उदाहरण टोंगाचे. जून 1965 मध्ये नुकुअलोफा इथल्या निवासी शाळेला कंटाळलेले सहा मुलगे एक होडी पळवून समुद्रात गेले. वादळात शीड आणि सुकाणू गेले, आणि आठवडाभर भरकटून ते अता या निर्जन बेटाला लागले. 1863 मध्ये गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तिथली माणसे उचलून नेली होती. त्यांच्या मागे राहिलेल्या कोंबड्यांची वीण आणि केळी या मुलांच्या उपयोगी पडली. त्यांनी जोड्या करून कामाच्या पाळ्या लावल्या. भांडण झाले की दोघांनी दोन दिशांना जायचे, राग निवल्यावर परतायचे, हा त्यांचा नियम. एकाचा पाय मोडला, तर बाकीच्यांनी तो काठ्या बांधून बसवला आणि त्याचे काम वाटून घेतले. एकदा पेटवलेला जाळ त्यांनी वर्षाहून अधिक काळ विझू दिला नाही. सप्टेंबर 1966 मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कप्तानाला ते सापडले. रुट्खर ब्रेखमन या डच लेखकाने 2020 मध्ये ही हकिकत जगभर पोहोचवली, ती गोल्डिंग यांना उत्तर म्हणून.

हे उत्तर मोलाचे आहे, पण पूर्ण नाही. टोंगाची मुले एकाच शाळेतली, आधीपासूनची मित्र, आणि कळत्या वयाची होती. त्यांच्यात भीतीचा व्यापार करणारा कोणी नव्हता आणि हुकूम झेलण्यासाठी तयार केलेली रांगही नव्हती. गोल्डिंग यांच्या बेटावर या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून हजर आहेत. अखेरीस राल्फला हुसकून मारण्यासाठी जॅक साऱ्या रानाला आग लावतो, तिचाच धूर पाहून जहाज येते, आणि उतरलेला नौदल अधिकारी मुलांच्या अवताराकडे पाहून ब्रिटिश मुलांकडून बऱ्या वर्तनाची अपेक्षा व्यक्त करतो. त्याच्या कमरेला पिस्तूल आहे, मागे युद्धनौका उभी आहे.

टोंगाच्या सहा जणांना परत आणल्यावर पोलिसांनी तुरुंगात टाकले, कारण होडीच्या मालकाची तक्रार अजून कायम होती. वॉर्नर यांनी त्यांच्या कहाणीचे चित्रीकरणाचे हक्क एका दूरचित्रवाणी वाहिनीला विकले, त्या पैशातून होडीची भरपाई करून मुलांना सोडवले, आणि पुढे त्यांना आपल्या नव्या मासेमारी नौकेवर कामाला घेतले. त्या नौकेचे नाव त्यांनी ‘अता’ ठेवले.