महजर : गोतसभेच्या निवाड्याचा कागद

महजर म्हणजे गोतसभेने, म्हणजे अंमलदार, वतनदार आणि गावकरी यांच्या सभेने, केलेल्या निवाड्याचा लेखी दाखला. मराठी मुलखात सतराव्या-अठराव्या शतकांत पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांचे तंटे गोतसभेपुढे चालत आणि निकाल महजरावर उतरे. बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडची देशमुखी लखुजी जाधवांच्या घराण्याकडे होती. असे वतन पिढ्यान्‌पिढ्या चाले, त्याला हक्क आणि मानपान जोडलेले असत. त्यामुळे ते कोणाचे हे सांगणारा कागद जिवापाड जपला जाई.

वाद उभा राहिला की दोन्ही पक्ष आधी राजीनामा लिहून देत : सभा करील तो निवाडा कबूल. मग जामीन, दोघांच्या तकरिरी (लेखी कैफियती), जुनी कागदपत्रे, साक्षी. हरलेला यजितखत लिहून देई, की आपला दावा खोटा, पुन्हा भांडणार नाही. जिंकणारा सरकारात हरकी (जिंकल्याचा नजराणा) भरी, हरणारा गुन्हेगारी (दंड). पुराव्याने उलगडा झाला नाही तर दिव्य होई. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा, हात बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी तपासायचा. तिथेही कागद सुटत नसे. दावा लिहिलेले भाळपत्र दिव्य करणाऱ्याच्या कपाळी बांधत.

महजराच्या माथ्यावर मिती आणि हजर मंडळींची नावे असत : अंमलदार, देशमुख, देशपांडे, शेटे, पाटील आणि बलुतेदारही. मजकूर बोरूने, मोडीत. खाली पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या. महजराची खरी थोरवी इथे आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसाची ग्वाहीही कागदावर तितक्याच वजनाने उभी राहिली.

प्राचीन ग्रीसमध्ये लेखन नेमके दुसऱ्या टोकाला होते. क्रीट बेटावरच्या ड्रेरोस इथे इसवी सनपूर्व सातव्या शतकात कायदा दगडावर कोरला गेला. गॉर्टिनच्या भिंतीवर तर बारा स्तंभांत सहाशेहून अधिक ओळी आहेत. अथेन्समधला खटला मात्र मुख्यतः तोंडी चाले. साक्षी लेखी देण्याची पद्धत इसवी सनपूर्व चौथ्या शतकात आली, आणि पंच कारणे न देता नुसते मत टाकून निकाल देत. तिथे कायदा भिंतीवर आणि खटला जिभेवर. इथे कायदा बराचसा वहिवाटीत आणि खटला कागदावर.

1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे गेला आणि बुलढाण्याच्या मुलखात इंग्रजी कचेऱ्यांचे दप्तर सुरू झाले. जुने महजर मात्र वाया गेले नाहीत. वि. त्र्यं. गुणे यांनी ते अभ्यासून मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर लिहिलेला ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1953 मध्ये प्रसिद्ध केला.