राखलेल्या शेतांचे चित्रकार

निसर्गचित्र पाहताना आपले मन प्रथम रंगांकडे जाते. टेकडीचा उतार, त्यावर चरणारी गुरे, दूरवर दिसणारे एखादे घर आणि वर पसरलेले आकाश पाहून आपण क्षणभर सुखावतो. मात्र चित्रातील ती जमीन कोणाची आहे, ती कोण कसतो आणि आणखी वीस वर्षांनी ती तशीच राहील काय, हे प्रश्न सहसा आपल्याला पडत नाहीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील काही चित्रकारांनी हेच प्रश्न आपल्या कलेशी जोडून घेतले. ते गटाने शेतांवर जातात, तेथे बसून चित्रे काढतात आणि त्या चित्रांच्या विक्रीतून शेतजमीन राखण्याच्या कार्याला हातभार लावतात. कला आणि शेती यांचे हे नाते कसे जुळले, ते आपण पाहू.

चित्रशाळेतून शिवारात

पूर्वी युरोपातील चित्रकार उघड्यावर बसून बहुधा कच्ची रेखाटने करीत. तैलरंगातील मोठे चित्र पुढे चित्रशाळेत बसून पूर्ण केले जाई. याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. तयार केलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पिशव्यांत भरून ठेवावा लागे. पिशवी एकदा टोचली की ती नीट बंद करता येत नसे आणि रंग वाळून जाई. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने धातूच्या, दाबता येणाऱ्या नळीचे एकस्व मिळवले. झाकण फिरवून बंद करता येणाऱ्या या नळीमुळे रंग सोबत नेणे सोपे झाले. पुढे घडी घालता येणाऱ्या घोड्या आल्या, रेल्वेमार्ग पसरले आणि चित्रकार शहराबाहेर पडू लागले. फ्रान्समधील दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी तर बदलता प्रकाश हाच आपल्या चित्रांचा विषय केला.

महाराष्ट्रालाही ही परंपरा परकी नाही. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेतून निसर्गचित्रणाची, विशेषतः जलरंगांची, एक समृद्ध परंपरा घडली. त्याच कलाशाळेत शिकलेल्या आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरला परतल्यावर रंकाळा, कोटितीर्थ अशा परिचित स्थळांची चित्रे तन्मयतेने रंगवली. आजही चित्रकलेचे विद्यार्थी पाठीला फळी आणि पिशवी लावून घाटांवर, नदीकाठी आणि गावोगावी चित्रणासाठी जातात.

मॅरिनची कुरणे

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला, गोल्डन गेट पुलापलीकडे मॅरिन हा परगणा आहे. त्याच्या पश्चिम भागात पॅसिफिक महासागरापर्यंत गवताळ टेकड्या पसरलेल्या आहेत. ही मूळची कोस्ट मिवॉक या आदिवासी समाजाची भूमी. पुढे तेथे दुग्धव्यवसाय आणि पशुपालन रुजले. १९३७ मध्ये गोल्डन गेट पूल खुला झाला आणि शहर या टेकड्यांच्या जवळ आले. १९६० च्या दशकात तेथे महामार्ग आणि मोठ्या वसाहती उभारण्याच्या योजना पुढे आल्या. शेतजमिनीकडे घरबांधणीची जागा म्हणून पाहिले जाऊ लागले आणि दूध विकून चालणाऱ्या कुटुंबांपुढे जमीन विकून टाकण्याचा मोह उभा राहिला.

१९७० च्या दशकाच्या आरंभी परगण्याच्या प्रशासनाने या भागात ६० एकरांमागे एकच घर बांधता येईल, असा नियम केला. त्यामुळे वसाहतींना आळा बसला. पण प्रश्न संपला नाही. आजचा नियम उद्याचे प्रशासन बदलू शकते. शिवाय आपल्या जमिनीची किंमत उतरेल, ही चिंता काही शेतकऱ्यांना वाटत होती. आयुष्यभराची पुंजी जमिनीतच असलेल्या माणसाची ही चिंता खोटी म्हणता येत नाही. जमीन राखायची, तर शेतकऱ्यालाही राखले पाहिजे, हे तेव्हा स्पष्ट झाले.

या जाणिवेतून १९८० मध्ये मॅरिन अ‍ॅग्रिकल्चरल लँड ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या. फिलिस फेबर या जीवशास्त्रज्ञ होत्या, तर एलन स्ट्रॉस या दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकरी कुटुंबातील होत्या. निसर्गाचे रक्षण करू पाहणारी व्यक्ती आणि जमिनीवर पोट असणारी व्यक्ती या दोघी एकत्र आल्या, यातच या संस्थेचे बळ आहे.

जमीन शेतकऱ्याची, बंधन कायमचे

या संस्थेची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. जमिनीची मालकी म्हणजे एकच हक्क नव्हे. तो अनेक हक्कांचा समूह असतो. पेरण्याचा, गुरे चारण्याचा, विकण्याचा, वारसांना देण्याचा आणि घरे बांधण्याचा, असे हे वेगवेगळे हक्क होत. संस्था शेतकऱ्याची जमीन विकत घेत नाही. ती फक्त बांधकामाचा व तुकडे पाडण्याचा हक्क मोबदला देऊन सोडवून घेते आणि तसा करार जमिनीच्या नोंदीत कायमचा दाखल होतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या जमिनीची किंमत बिल्डरच्या दृष्टीने १०० रुपये आहे आणि केवळ शेतीसाठी तीच जमीन ६० रुपयांची आहे. तर या दोहोंतील ४० रुपयांचा फरक शेतकऱ्याला मिळतो. जमीन त्याच्याच नावावर राहते. तो ती कसू शकतो, विकूही शकतो. परंतु नवा मालकदेखील त्या कराराने बांधलेला असतो. मिळालेल्या रकमेतून कोणी कर्ज फेडतो, कोणी गोठा दुरुस्त करतो, तर कोणी भावंडांचा वाटा देऊन शेत अखंड ठेवतो. यासाठी लागणारा पैसा सार्वजनिक निधीतून आणि देणग्यांतून उभा राहतो. अशा करारांनी मॅरिनमधील ५०,००० एकरांहून अधिक शेतजमीन राखली गेली आहे.

चित्रकारांचा वाटा

कराराचा कागद कितीही मोलाचा असला, तरी तो शहरातील माणसाच्या मनाला भिडत नाही. ते काम चित्र करते. ‘रँचेस अँड रोलिंग हिल्स’ या नावाने मॅरिनच्या या संस्थेसाठी निसर्गचित्रांची प्रदर्शने भरली. राखलेल्या शेतांवर जाऊन चित्रकारांनी रंगवलेली दृश्ये त्यांत मांडली जात आणि विक्रीचा मोठा वाटा जमीन राखण्याच्या कार्याला मिळे. त्याच राज्याच्या दक्षिणेकडील सांता बार्बरा येथे १९८६ मध्ये रे स्ट्राँग, आर्तुरो तेयो आणि त्यांचे सहकारी यांनी ‘ओक ग्रुप’ हा चित्रकारांचा गट उभारला. ज्या मोकळ्या जमिनींवर बांधकामाचे सावट होते, तेथे जाऊन हे चित्रकार चित्रे काढू लागले आणि प्रदर्शनांतून त्या जमिनींच्या रक्षणासाठी निधी जमवू लागले.

अशा सहलीचा दिवस लवकर सुरू होतो. सकाळी समुद्रावरून आलेले धुके टेकड्यांवर रेंगाळत असते. ते विरू लागले की उतारांचे आकार उलगडतात. हिवाळ्यातील पावसानंतर या टेकड्या हिरव्यागार असतात, तर उन्हाळ्यात गवत वाळून त्या सोनेरी होतात. प्रत्येक जण आपली जागा निवडतो, आधी पेन्सिलीने रेखाटन करतो, मग छाया-प्रकाशाचे मोठे आकार भरून घेतो. घाई करावीच लागते. कारण दोन तासांत सूर्य सरकतो आणि सावल्यांची दिशा बदलते. म्हणून अनुभवी चित्रकार सावल्यांची जागा आरंभीच निश्चित करतात आणि मग ती बदलत नाहीत.

एकट्याने जाण्यापेक्षा गटाने जाण्याचे काही लाभ आहेत. शेतमालकाकडे परवानगी एकदाच मागावी लागते. नवशिक्याला जाणत्याचा हात पाहता येतो. शेवटी सर्व चित्रे कुंपणाला टेकवून शेजारी शेजारी ठेवली, की एकाच टेकडीची किती रूपे असू शकतात, हे उमगते. एकाला गोठ्याचे छप्पर मोहवते, दुसऱ्याला पाणवठ्याकडे जाणारी गुरांची वाट. दृष्टी प्रत्येकाची वेगळी असते, हे सांगण्यासाठी तेथे व्याख्यानाची गरज पडत नाही.

शेत म्हणजे उद्यान नव्हे

राखलेले शेत सर्वांसाठी खुले असते, असा गैरसमज होऊ शकतो. करार झाला तरी शेत हे खाजगीच राहते आणि तेथील काम थांबत नाही. म्हणून पाहुण्यांनी काही पथ्ये पाळायची असतात. परवानगीवाचून आत जाऊ नये. फाटक जसे आढळले तसेच ठेवावे. उघडे दिसले तर उघडे, बंद दिसले तर बंद. चुकून उघडे राहिलेल्या फाटकातून गुरे रस्त्यावर गेली, तर शेतकऱ्याचा सारा दिवस वाया जातो. कुत्रे सोबत आणू नये, दुधाच्या गाड्यांची वाट अडवू नये, पीक किंवा कुरण तुडवू नये. रंगाने माखलेली फडकी आणि टर्पेंटाइन शेतात टाकू नये, ते परत न्यावे. कोरड्या दिवसांत आगीची विशेष काळजी घ्यावी.

चित्रात न दिसणारे

या उपक्रमाची एक मर्यादाही ओळखली पाहिजे. चित्रात टेकडी शांत दिसते. पण पहाटेच्या अंधारात धार काढणारे मजूर तेथे दिसत नाहीत. चाऱ्याचे वाढते दर आणि दुष्काळाची चिंता रंगांत उतरत नाही. जमिनीवर घरे उभी राहणार नाहीत याची हमी करार देतो. तेथील शेती फायद्याची ठरेल याची हमी तो देऊ शकत नाही. शेतीवर जगणारे कुटुंबच उरले नाही, तर राखलेली टेकडी केवळ देखावा होऊन बसेल. म्हणूनच जाणते चित्रकार चित्र काढून झाल्यावर शेतकऱ्याशी चार शब्द बोलतात, त्याचे काम समजून घेतात. मग पुढच्या चित्रात गोठा, ट्रॅक्टर, वाकलेली पाठ यांनाही जागा मिळते.

आपल्याकडेही शहरांच्या कडेची शेते बिगरशेती होऊन झपाट्याने घरांखाली जात आहेत. आपले कायदे, आपली जमीनधारणा आणि आपल्या शेतकऱ्यांच्या गरजा वेगळ्या आहेत; म्हणून मॅरिनचा मार्ग जसाच्या तसा येथे लागू पडेल, असे नाही. परंतु जमीन राखण्याची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजावी, हा तेथील प्रश्न आपल्यालाही विचारात पाडणारा आहे. आपल्या गावाच्या वेशीवरचे शेत कोणी कधी दोन तास स्थिर बसून पाहिले आहे काय? तसे पाहणारा माणूस ते शेत नाहीसे होत असताना सहसा उदासीन राहू शकत नाही. चित्रकारांच्या या सहलींमागचे खरे सामर्थ्य हेच आहे.