विश्लेषण : स्कूबाचे किट घेऊन विमानाने निघालात? बॅग सिलिंडरमुळे नव्हे, टॉर्चमुळे अडते!

पावसाळा सरला की मुंबई-पुण्याहून अंदमानकडे निघणाऱ्या विमानांत डायव्हिंगला चाललेली मंडळी दिसू लागतात. तारकर्लीत पहिल्यांदा पाण्याखाली गेलेल्यांपैकी काहीजण पुढे रीतसर कोर्स करतात, स्वतःचा मास्क, रेग्युलेटर, टॉर्च घेतात आणि एक दिवस हे सगळे घेऊन विमानतळावर उभे राहतात. एक्स-रेच्या पडद्यावर मात्र नळ्या, धातूचे गोळे, सुरी आणि बॅटऱ्या असे चित्र दिसते. बॅग बाजूला काढली जाते ती इथेच. पण त्यातले नेमके काय चालत नाही आणि का?

सिलिंडर नेता येतो का?

भरलेला अजिबात नाही. साधारण ११ लिटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरतात. मोटारीच्या टायरमध्ये हा दाब दोन-सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज यावा. विमान उंच गेल्यावर केबिनमधला दाब घटतो म्हणून सिलिंडर फुटेल, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. त्या घटीने फरक पडतो जेमतेम पाव बारचा. खरी भीती आगीची आणि आदळआपटीची आहे. सिलिंडर तापला की आतला दाब वाढत जातो आणि व्हॉल्व्ह तुटला तर तो रॉकेटसारखा सुटतो.

रिकामा सिलिंडर न्यायचा तर व्हॉल्व्ह पूर्ण काढून, आत पाहता येईल असा ठेवा, असे अमेरिकेतील टीएसए ही सुरक्षा यंत्रणा सांगते. आपल्याकडे हा खटाटोप करण्यात अर्थ नाही. बहुतेक देशांतर्गत विमानांत चेक-इनची मर्यादा १५ किलो आणि रिकामा सिलिंडरच भरतो सुमारे १४ किलो. शिवाय सिलिंडर आणि शिशाची वजने डाइव्ह सेंटर देतेच.

मग टॉर्चचे काय बिघडते?

इथेच बहुतेकजण फसतात. पाण्याखालच्या टॉर्चची उष्णता भोवतालचे पाणी ओढून घेते. त्याची रचनाच तशी असते. बॅगेत तो चुकून सुरू झाला तर उष्णतेला जायला वाट उरत नाही. त्यात धक्का लागू नये म्हणून तो वेटसूटमध्ये गुंडाळण्याची पद्धत आहे. वेटसूट निओप्रीनचा, म्हणजे उष्णता धरून ठेवण्यासाठीच बनवलेला! आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या (आयएटीए) धोकादायक वस्तूंच्या नियमांत पाण्याखालचे दिवे सोल्डरिंग आयर्नच्या पंक्तीत बसवले गेले, ते यामुळे. असा प्रखर टॉर्च न्यायचा तर विमान कंपनीची संमती घ्यावी आणि बॅटरी काढून वेगळी ठेवावी.

ही सुटी बॅटरी मात्र चेक-इनमध्ये टाकायची नाही. लिथियम बॅटरी पेटली की आतल्या रासायनिक क्रियेने ती स्वतःच तापत राहते. मालकक्षातील हॅलॉन वायू ज्वाळा विझवतो, पण बॅटरीचे हे तापणे थांबवू शकत नाही. केबिनमध्ये धूर दिसताच कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. म्हणून सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. प्रत्येक बॅटरी वेगळ्या पाऊचमध्ये ठेवावी किंवा टोकांना चिकटपट्टी लावावी.

मर्यादा वॅट-अवरमध्ये मोजतात. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, एवढाच हिशेब. ३.६ व्होल्ट आणि ३.५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२.६ वॅट-अवर. सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-अवरची असल्याने हौशी डायव्हरच्या बॅटऱ्या सहज बसतात. १०० ते १६० दरम्यानच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. चित्रीकरणाचे मोठे दिवे नेणाऱ्यांनी हे आधी तपासावे. चेक-इन बॅगेत बॅटरी सापडली तर प्रवाशाला बॅग उघडायला बोलावतात. तो वेळेत पोहोचला नाही तर बॅग मागे राहू शकते. दोन दिवसांचे डायव्हिंग बुक केलेल्याला ते परवडणारे नाही.

रेग्युलेटर हातात, सुरी खाली

डाइव्ह नाइफ, दोरी कापायचे कटर, पाने, स्क्रू ड्रायव्हर हे सारे चेक-इनमध्ये. रेग्युलेटर, मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर मात्र जवळच ठेवलेले बरे. पाण्याखालचा श्वास ज्यावर अवलंबून आहे, ते यंत्र बॅगा फेकणाऱ्यांच्या भरवशावर कशाला सोडायचे? साधारण दोन-तीन किलोचा रेग्युलेटर केबिनच्या ७ किलोंत मावतो. नळ्या पाहून सीआयएसएफचा जवान विचारणारच. ‘पाण्याखाली श्वास घ्यायचे उपकरण आहे, आत गॅस नाही’ असे सरळ सांगावे, डायव्हिंगचे प्रमाणपत्र दाखवावे. बॅगेत तो सर्वांत वर ठेवला तर पुढच्यांचाही वेळ वाचतो. तरीही तो नेऊ द्यायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तपासणी करणाऱ्याचाच.

परतताना काय?

इथे एक गोष्ट सुरक्षा तपासणीत कोणी विचारत नाही : शेवटचा डाइव्ह कधी केला? केबिनमधला हवेचा दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका असतो. रक्तात आणि ऊतींत विरघळलेल्या नायट्रोजनचे त्यामुळे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या शिफारशीनुसार एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह केल्यावर किमान १८ तास थांबावे. डीकम्प्रेशनचे टप्पे घ्यावे लागलेल्या डाइव्हनंतर त्याहूनही बरेच जास्त. म्हणजे सकाळी ९ च्या विमानासाठी आदल्या दिवशी दुपारी ३ च्या आत पाण्याबाहेर यायला हवे.

तो मोकळा वेळ किट सुकवण्यात घालवावा. ओला वेटसूट चांगलाच जड होतो आणि जाताना १५ किलोंत बसलेली बॅग येताना बसत नाही.