कराडची पावती

1992 च्या रोखे घोटाळ्याचा विषय निघाला की शेअर दलाल हर्षद मेहता आठवतो, स्टेट बँक आठवते. बँक ऑफ कराड मात्र कराडकरांखेरीज फारशी कुणाच्या लक्षात नाही. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाचं हे गाव घोटाळ्याची चौकशी करणाऱ्या जानकीरामन समितीच्या अहवालात शिरलं ते या छोट्या बँकेमुळे.

ती सहकारी बँक नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. सातारा-सांगलीकडे बँक बुडाली म्हटलं की आपलं बोट आपोआप एखाद्या सहकारी संस्थेकडे वळतं. बँक ऑफ कराड ही लिमिटेड कंपनी होती. 1969 मध्ये 50 कोटी आणि 1980 मध्ये 200 कोटींच्या वर ठेवी असलेल्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. ही दोन्ही वेळा सरकारच्या नजरेबाहेर राहिली. दलालांना पुढे सोयीचा ठरला तो हाच लहानपणा.

तेव्हा बँकांना ठेवींच्या 38.5 टक्क्यांपर्यंतची रक्कम सरकारी रोख्यांसारख्या ठिकाणी अडकवून ठेवावी लागे. रोखे कुणाकडे जास्त, कुणाकडे कमी. म्हणून बँका थोड्या दिवसांच्या बोलीवर ते एकमेकींना विकत आणि ठरल्या भावानं परत घेत. याला म्हणत रेडी फॉरवर्ड. मालकी बदलल्याची नोंद रिझर्व्ह बँकेच्या वह्यांत, हातानं आणि सावकाश होई. तोवर थांबणार कोण? मग विकणारी बँक लिहून देई: पैसे पोचले, रोखे मागाहून देतो. हीच बँक रिसीट, बाजारात नुसतं ‘बीआर’. सौदा फोनवर ठरे आणि मधे दलाल असे. बँकेच्या नावानं काढलेला चेक दलालाच्या खात्यात जमा होई, आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नसे.

एवढी सोय झाल्यावर हवी होती फक्त रोखे नसतानाही पावती देणारी बँक. अशा दोन निघाल्या: मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह आणि आपली बँक ऑफ कराड. त्यांच्या कोऱ्या भरवशाच्या पावत्या शेकडो कोटींच्या होत्या. दलालांनी त्यांवर पैसा उचलला आणि त्यातला बराचसा शेअर बाजारात ओतला.

दोष कराडचा आहेच. पण मला जास्त अचंबा वाटतो तो पावती घेणाऱ्यांचा. स्टँडर्ड चार्टर्डसारख्या परदेशी बँकेनंही ही पावती तिजोरीत ठेवली. एवढ्याशा बँकेकडे एवढे रोखे आले कुठून, हा प्रश्न कराडच्या मंडईतल्या भाजीवालीनंही विचारला असता. आणि इशारा मिळाला नव्हता असंही नाही. जुलै 1991 मध्येच रिझर्व्ह बँकेनं अशा व्यवहारांबद्दल परिपत्रक काढलं होतं.

कराडचा दोष नेमका कसला, हे दुसऱ्या एका प्रकरणाशेजारी ठेवून पाहावं. घोटाळ्यानंतर दहा वर्षांनी, 2002 मध्ये, अमेरिकेत वर्ल्डकॉम ही दूरसंचार कंपनी कोसळली. दुसऱ्यांच्या लाइनी वापरल्याचं भाडं, म्हणजे निव्वळ चालू खर्च, तिनं हिशेबात मालमत्ता म्हणून दाखवला होता. सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षकांनी ते पकडलं. सुरुवातीला आकडा निघाला 3.8 अब्ज डॉलरचा, पुढे तो 11 अब्जांवर गेला. तिथं खोटेपणा कंपनीचा ताळेबंद फुगवायला केला होता. कराडच्या बँकेनं दुसऱ्यांच्या धंद्यासाठी स्वतःचं नाव गहाण टाकलं, आणि म्हणूनच ती रोखे घोटाळ्यातली सगळ्यांत केविलवाणी संस्था वाटते.

23 एप्रिल 1992 ला पत्रकार सुचेता दलाल यांची या घोटाळ्याची बातमी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आली आणि साखळी तुटली. भाव गडगडले, दलालांकडे परतफेडीला पैसा उरला नाही, आणि ज्यांच्या हाती पावत्या होत्या ते रोखे मागू लागले. रोखे असते तर द्यायचे! मे महिन्यात बँक अवसायनात गेली. समितीनं सगळ्या घोटाळ्याचा अंदाज केला तो सुमारे 4,000 कोटींचा.

ज्यांनी बीआर हा शब्द कधी ऐकलाही नव्हता, त्या ठेवीदारांना तेव्हा ठेव विम्याचं संरक्षण होतं 30,000 रुपयांपर्यंत. पुढच्याच वर्षी मर्यादा 1 लाख झाली. 1994 मध्ये बँक ऑफ इंडियानं ही बँक आपल्यात सामावून घेतली. रोखा आणि पैसा एकाच वेळी हस्तांतरित करण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेनं सुरू केली, ती 1995 मध्ये.